खाऱ्या पाण्यातली भावकी

आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी राखली, आणि मी बी.एस्सी. होऊन मासे राखले. हे वाक्य माझं नाही, वडिलांचं आहे. अंबडच्या बाजारात कुणी भेटलं की ते हसत हसत ऐकवायचे. समोरचाही हसायचा. मला ते हसू अजून पचलेलं नाही.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे मी लपवत नाही आणि कुणी विसरलं तर आठवण करून देतो. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालो. वाटलं होतं, नवीन जालन्यात बियाण्यांच्या एवढ्या कंपन्या आहेत, कुठंतरी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभं राहता येईल. नोकरी लागली ती गोदामात. पोती उतरली की लॉट नंबर बघायचे, थप्पी सरळ लागली का बघायचं, कोपऱ्याकोपऱ्यात उंदराचं औषध ठेवायचं. झूलॉजीचा उपयोग म्हणाल तर तेवढाच, उंदीर.

गोदामाच्या पलीकडं उगवण खोली होती. तिथं ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत बी ठेवतात, कोंब मोजतात, आणि हा लॉट विकायचा की नाही ते ठरवतात. दाराला काच होती. येता-जाता मी त्या काचेतून आत बघायचो. आतला म्हातारा तपासनीस लवकरच निवृत्त होणार होता, आणि त्याच्या जागी मला बसायचं होतं. दुसरं काही नको होतं मला त्या कंपनीत.

कंपनी दोन सख्ख्या भावांची. आम्ही त्यांना मोठे शेठ आणि धाकटे शेठ म्हणायचो. तसे ते शेठ वगैरे कुणी नव्हते. वडिलोपार्जित जमीनवाले, बांधावरचे लोक. वडिलांनी शेती सोडून बियाण्याचा धंदा उभा केला, तो दोघांकडं आला. एकच केबिन, समोरासमोर दोन टेबलं. मी लागलो तेव्हाच दोघांचं बोलणं कमी झालं होतं. एकाला दुसऱ्याला काही सांगायचं असलं तर मॅनेजरला बोलवायचे, आणि मॅनेजर दोन टेबलांच्या मधल्या चार हातांच्या जागेत निरोप पोचवायचा.

मग त्यांनी वास्तूवाल्याला आणलं. तो म्हणाला, ईशान्येला पाणी ठेवा, पाण्यात मासे ठेवा, भावाभावात गोडी येईल. गोडी यायची होती तर गोड्या पाण्याचे ठेवायचे. पण छत्रपती संभाजीनगरच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात मोठ्या शेठनी समुद्राच्या माशांची टाकी पाहिली होती. ते रंग बघून त्यांचं डोकं फिरलं. "आपल्याकडं पण समुद्रच पाहिजे," म्हणाले. जालन्यात समुद्र.

मॅनेजरनं माझं नाव सुचवलं, ते उपहासानंच. "गोदामातला तो हाये ना, झूलॉजीवाला. त्याला माशाचं सगळं कळतं म्हणे."

मोठ्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच. टेबलावर उगवण खोलीची चावी पडली होती, तपासनीस त्या दिवशी रजेवर होता. शेठ म्हणाले, "हे मासे जगवून दाखव. म्हाताऱ्याच्या जागी तुझाच विचार करू. मासा जगवणारा माणूस बी पण जगवील."

मासा आणि बी यांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. चावीकडं बघत होतो.

कॉलेजात बेडूक आणि झुरळ कापलं होतं, समुद्राच्या माशाचा अनुभव शून्य. पण मला वाचता येतं. पुस्तकं मागवली, पुण्यातल्या एका टाकीवाल्याला फोन करकरून त्याला बेजार केलं, आणि शिकलो. टाकी तीन फुटी, केबिनच्या ईशान्य कोपऱ्यात. तीन फुटांत समुद्र मांडायचा तर पहिली अडचण पाण्याची. समुद्री मीठ मागवायचं म्हटल्यावर मॅनेजर चमकला.

"मीठ कशाला? आपल्या बोअरचं पाणी काय कमी खारं हाये का? साबणाला फेस येत न्हाई. वता तेच."

"साहेब, ते खारं वेगळं, समुद्राचं खारं वेगळं."

"खाऱ्यात पण जाती हायेत का?"

"हायेत."

आमच्याकडं पाण्याच्या दोनच जाती, गोडं आणि खारं. पिता येतं ते गोडं, पिता येत नाही ते खारं. त्यात आणखी मी सांगितलं, की टाकीतलं पाणी आटलं की वरून गोडंच टाकायचं, कारण पाणी उडून जातं आणि मीठ खालीच राहतं. मग तर मला पार येड्यातच काढलं. पण उगवण खोलीत शुद्ध पाण्याचं मशीन होतं, आणि या कारणानं मला रोज कॅन घेऊन तिथल्या उंबऱ्यापर्यंत जायला मिळू लागलं. आत चपला घालून जायचं नाही असा नियम. मी उंबऱ्यावर थांबायचो, म्हातारा कॅन भरून द्यायचा.

दगड, वाळू, पाणी, पंप लावून मी टाकी कित्येक आठवडे रिकामी ठेवली. पाणी मुरावं लागतं, नाहीतर पहिलाच मासा मरतो. ऑफिसातल्या लोकांनी काय काय नावं ठेवली. "धुतलेले दगड बघायला या." "मासे अदृश्य हायेत, ज्यानं डिग्री घेतली त्यालाच दिसतेत." मी रोज पाणी तपासत राहिलो.

मासे निवडायची वेळ आली तेव्हा खरी परीक्षा. मोठ्या शेठना दुकानातले सगळे रंग पाहिजे होते. धाकट्या शेठना तो मोठा निळा मासा पाहिजे होता, कार्टूनमुळं लहान पोरांना माहीत असतो तो. मी म्हणालो, "हा वाढला की हातभर होतो शेठ. तीन फुटांत त्याला नीट वळता यायचं न्हाई." ते नाराज झाले, पण ऐकलं. त्या दिवसांत माझं ऐकलं जायचं.

लोकांना वाटतं, मासा पाण्यात राहतो म्हणजे कुठल्याही माशाबरोबर राहतो. तसं नसतं. कोण तळाला राहतो, कोण मध्ये, कोण वर, ते बघायचं. कोण दुसऱ्याच्या तोंडात मावतो ते बघायचं. भित्रा आधी सोडायचा, म्हणजे त्याला आपली जागा धरता येते. भांडखोर सगळ्यांत शेवटी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका घाटाचा, एका रंगाचा, एका खाण्याचा दुसरा आणायचा नाही. परक्याला मासा सोडून देतो. आपल्यासारखा दिसला की सोडत नाही, कारण ह्याला पाहिजे तीच कपार त्यालाही पाहिजे असते.

मी आधी एक छोटा गोबी मासा आणला, सोबत त्याचा झिंगा. झिंगा जवळजवळ आंधळा, दिवसभर वाळूत बीळ उकरतो. गोबी बिळाच्या तोंडाशी बसून पहारा करतो. झिंग्याची एक मिशी कायम माशाच्या अंगाला टेकलेली. मासा हलला की झिंगा आत. ह्याला उकरता येतं, त्याला दिसतं. काही नातं नाही गोत्र नाही, पण भांडण नाही. मग शेवाळ खाणारा एक थोराड डोक्याचा मासा. आणि शेवटी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची जोडी, एकत्र वाढलेली, एक मोठा एक लहान, म्हणून त्या नियमाला तेवढा अपवाद. त्यांच्यात मोठा असतो तो मादी होतो. हे ऑफिसात सांगितल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पाचही जीव जगले. उन्हाळ्यात टाकी तापू नये म्हणून केबिनचा एसी सुट्टीच्या दिवशीही चालू ठेवायची परवानगी मी मिळवली. गोदामातले हमाल म्हणायचे, "माशाला एसी अन् माणसाला पंखा. तो बी बंद." मला त्याचं वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. खेड्यापाड्यांतले दुकानदार बियाणं बुक करायला आले की आधी टाकीसमोर उभे राहायचे. मोठे शेठ मला हाक मारायचे, "हे सांग जरा यांना." मी सांगायचो. म्हाताऱ्या तपासनिसाच्या निरोपाचा हार मागवायचं बोलणं सुरू झालं होतं. हंगामाच्या आधी तो जाणार, आणि मी उंबऱ्याच्या आत जाणार.

हंगामाच्या तोंडावर दुकानदारांची बैठक होती. केबिन भरलेली, चहा चाललेला. धाकटे शेठ त्याच दिवशी मुंबईहून आल्ते. हातात हवा भरलेल्या दोन पिशव्या. दोन्हींत एकेक मासा, बोटाएवढा, पुढून जांभळा, मागून पिवळा.

"आपल्या पाकिटाचे रंग!" धाकटे शेठ म्हणाले. खरंच होतं. आमच्या कपाशीच्या पाकिटाचा तोच जांभळा, तोच पिवळा. मग ते मोठ्या भावाकडं बघून म्हणाले, "एक दादाचा, एक माझा." कित्येक महिन्यांनी ते भावाशी मॅनेजरला मध्ये न घेता बोलले असतील. मोठे शेठ उठून उभे राहिले. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "वा, वास्तू लागू झाली."

मी पिशव्या हातात घेतल्या. दोन्ही पिशव्या जवळ आल्या तशी दोन्ही माशांनी एकमेकांकडं तोंडं वासली. ते जांभई दिल्यासारखं दिसतं, जांभई नसते, धमकी असते. ह्या जातीचा लहान टाकीत एकच ठेवायचा असतो. एक ठेवला तर ह्याच्याइतका गुणी मासा नाही, कपारीत उलटा लटकून असतो बिचारा.

"शेठ, एकच सोडता येईल," मी म्हणालो.

"काहून?" धाकट्यांनी विचारलं. "जागा तर बक्कळ हाये."

"जागेचा प्रश्न न्हाई. हे दोघं एकसारखे हायेत. बाकीच्या माशांबरोबर राहतील, एकमेकांबरोबर राहायचे न्हाईत." एवढ्यावर थांबायला हवं होतं असं लोक म्हणतात. पण सगळ्यांची तोंडं कोरी दिसली, आणि समजावून सांगायची मला सवय. म्हणालो, "ही भावकी हाये, शेठ."

आमच्या भागात ह्या शब्दाला दुसरं काही लागत नाही. बांध कोरणं, सामायिक विहिरीचं पाणी तोडणं, लग्नात जेवायला न येणं, सगळं त्या एका शब्दात येतं. माशांचं इतकं अचूक वर्णन मला पुस्तकातसुद्धा सापडलं नव्हतं. परतूरकडचा एक दुकानदार फसकन हसला. त्याच्या कपातला चहा सांडला. मग कुणीच हसलं नाही.

मोठे शेठ हळूच म्हणाले, "कोणाची भावकी?"

"माशांची, शेठ."

आता तिघंचौघं हसले. त्या हसण्यानं माझं काम तमाम झालं.

धाकट्या शेठनी पिशव्या माझ्या हातातून ओढून घेतल्या. "दोन्ही सुटतील," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं, पाणी जुळवून घेऊ न देता, दोन्ही मासे टाकीत ओतले.

पुढं काय झालं ते कुणालाही सांगता आलं असतं. एकानं मधली मोठी कपार धरली. दुसरा पंपामागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या अंगाला, शेपटी कुरतडलेला. खायला खाली आला की पहिला बाणासारखा अंगावर जायचा. बाकीच्या पाचांना दोघांनी कधी काही केलं नाही.

ऑफिसला नवी करमणूक मिळाली. मोठ्या शेठची माणसं म्हणायची, कपारीतला आमचा. धाकट्यांची माणसं म्हणायची, आमचा. "काय म्हणते तुमची पार्टी? आज खाली आल्ती का?" खुद्द मोठ्या शेठनी मला विचारलं, "माझा कुठला रे?" मी म्हणालो, "दोघं एकसारखे हायेत शेठ, सांगता यायचं न्हाई." त्यांना ते आवडलं नाही.

मी मॅनेजरला सांगितलं, एक काढावाच लागेल, वेगळ्या डब्यात ठेवतो, जगेल. मॅनेजर म्हणाला, "काढ की. पण कोणाचा काढून राह्यला ते आधी सांग, तसं मला दोन्ही टेबलांवर जाऊन सांगावं लागंल."

"हरलेला काढतो साहेब."

"हां. मंग दोघांपैकी हरलेलं कोण, ते तू जा अन् त्यांच्या तोंडावर सांग."

मोठ्या शेठकडं गेलो तर ते म्हणाले, त्याचा काढ. धाकट्यांकडं गेलो तर म्हणाले, दादाचा काढ. मी जाळी हातात घेऊन टाकीसमोर उभा राहिलो आणि दोन टेबलांवरून दोघांचे चार डोळे माझ्या जाळीवर. जाळी ठेवून दिली. कोपऱ्यातला मासा एका सोमवारी तळाशी पडलेला मिळाला.

मला वाटलं होतं, आता तरी कुणी म्हणेल, पोरगा सांगत व्हता. ते कुणी म्हणालं नाही. म्हणाले ते हे, की पोरगा काळ्या जिभेचा आहे. भर बैठकीत शुभ वेळेला तोंडातून भावकी काढली, म्हणून मासा मेला. हमालांत, हिशेबाच्या खोलीत, चहाच्या टपरीवर हेच. एका हमालानं तर हात जोडले, "दादा, आमच्या पोरीचं जमून राह्यलं, तुम्ही काही बोलू नका बरं." गंमत करत होता की खरंच, मला कळलं नाही. बी.एस्सी.ची तीन वर्षं कुणी मानली नाहीत. जीभ मात्र लगेच मानली.

आणि मग वास्तूवाला परत आला. त्यानं टाकी पाहिली आणि गंभीर तोंड करून सांगितलं, मासा मरणं अशुभ नसतं. मालकावर येणारं संकट मासा आपल्या अंगावर घेऊन जातो. ज्याचा मासा मेला त्याचं गंडांतर टळलं.

तेवढ्यानं सगळं उलटं फिरलं. कालपर्यंत कपारीतला मासा ज्याला त्याला आपला वाटत होता; आता मेलेला ज्याला त्याला आपला पाहिजे झाला. "आमचाच गेला," मोठ्यांची माणसं सांगू लागली. धाकट्यांची माणसं म्हणायची, "तुमचा कसा? शेपटीला आमच्याच पिशवीतली खूण व्हती." खूण वगैरे काही नव्हती. जिवंत राहिलेला एकटाच कपारीत लटकला होता, त्याला आता कुणी वाली उरला नाही.

त्याच सुमारास वाटणीचं ठरलं. म्हातारा तपासनीस हार घालून गेला होता, उगवण खोलीची चावी मोठ्या शेठच्या खणात होती. एका दुपारी धाकटे शेठ बाहेर गेल्ते तेव्हा मोठ्या शेठनी मला बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं, खण उघडला आणि चावी टेबलावर ठेवली.

"बस," म्हणाले. मी उभाच राहिलो.

"मेला तो माझा व्हता ना?"

"शेठ, मी तेव्हाच सांगितलं..."

"ऐक. लोक म्हणतेत तुझ्या जिभेवर येतं ते खरं होतं. मी न्हाई म्हणत, लोक म्हणतेत. मंग एकदा म्हण. वाटणीला चार पाहुणे बसणार हायेत, त्यांच्यापुढं एवढंच म्हण, मोठ्या शेठचा मासा गेला. म्हणजे गंडांतर माझं टळलं हे सगळ्यांपुढं ठरंल. तू मासे राखले, तुझं कोणी खोटं धरणार न्हाई. उद्यापासून खोली तुझी."

चावीला पितळेचा बिल्ला होता, त्यावर खोलीचा नंबर कोरलेला. मी तो बघत राहिलो. एवढं सोपं होतं. पण मला जे देऊ करत होते ते माझ्या शिक्षणाचं नव्हतं, जिभेचं होतं. त्या खोलीत जाऊन मी रोज काय करणार होतो? उगवलेलं बी उगवलं म्हणायचं, न उगवलेलं नाही म्हणायचं. तिथं बसण्यासाठी आधी हे म्हणायचं?

"दोघं एकसारखे व्हते शेठ," मी म्हणालो. "मला वळखू येत न्हवते. कोणालाच येत न्हवते."

त्यांनी चावी खणात टाकली. खण बंद करताना म्हणाले, "मंग शिकून काय केलं तू?"

घरी सांगितलं तर वडील कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं, म्हणायचं की तुमचाच. मासा काय कोर्टात साक्षीला येणार व्हता?" त्यांना ते सांगायला फार आवडतं. अंबडच्या बाजारात आता हे वाक्यही जोडलं गेलंय.

वाटणी झाली. गोदामाच्या मधून भिंत आली. पाकिटाचा रंग कुणाला मिळावा यावर मिटलं नाही, म्हणून दोघांनी नवी पाकिटं छापली, आणि जांभळी-पिवळी उरलेली गठ्ठ्यांनी पडून राहिली. टाकी कुणी घेतली नाही. मासे मी पिशव्यांत भरून संभाजीनगरच्या दुकानदाराला नेऊन दिले. गोबी आणि झिंगा एकाच पिशवीत ठेवले होते. जांभळा-पिवळा बघून दुकानदार म्हणाला, "एकटाच? ह्याच्या जोडीला दुसरा न्हाई आणला?" मी त्याला काही समजावून सांगितलं नाही.

मी मोठ्या शेठच्या वाट्याला आलो, गोदामासकट. उगवण खोली पण त्यांच्याच वाट्याला आली. तिथं आता त्यांच्या मेहुण्याचा मुलगा बसतो, बी.कॉम. झालेला. पोरगा वाईट नाही. मी लॉटचे नमुने घेऊन जातो तेव्हा तो खुर्चीतून उठतो, विचारतो, "दादा, हा अर्धवट कोंब आलेला उगवलेल्यात धरायचा का?" मी सांगतो. तो म्हणतो, "मंग या की आत, बसा, चपला काढून ठेवा."

मी उंबऱ्यावरूनच नमुने देतो आणि परत येतो.